कुत्र्याला गाजर द्यायचंय? आधी कापायला शिका

कुत्र्याला गाजर चालतं का? चालतं. त्यात कुत्र्याला विषारी असं काहीही नाही, कॅलरी कमी, चरबी जवळजवळ शून्य, आणि बहुतेक कुत्र्यांना ते कुरकुरीत प्रकरण मनापासून आवडतं. नवीन कुत्रा घरी आला की भेटेल तो सांगतो, "गाजर दे, दात पण साफ होतात." पण ते कसं कापायचं, केवढं द्यायचं, दुसऱ्या दिवशी शीमध्ये केशरी तुकडे दिसले तर घाबरायचं का, हे सांगायला कोणी थांबत नाही.

गाजरापायी कुत्र्याला घेऊन दवाखान्यात धावायची वेळ येते ती बहुतेकदा तुकड्याच्या आकारामुळे. म्हणून या लेखात जीवनसत्त्वांबद्दल थोडं आणि सुरीबद्दल जास्त लिहिलंय. पायऱ्या क्रमानेच करा. पहिल्या दोन कंटाळवाण्या वाटतील, तरी गाळू नका.

१. तुमचा कुत्रा कसा खातो ते आधी बघा

गाजर बाजूला ठेवा. आज रात्रीच्या जेवणाला कुत्र्याशेजारी बसा आणि नुसतं बघा. तो चावतो का? की उचलतो आणि गिळतो?

कुत्र्याचा जबडा आपल्यासारखा आडवा हलत नाही. आपण दाढांवर घास घोळवून त्याचं पीठ करतो, तसं त्याला जमत नाही. त्याचा जबडा कात्रीसारखा वरखाली चालतो, म्हणजे तो तुकडे करतो आणि गिळतो. हे तुकडे केवढे असतील ते प्रत्येकाच्या स्वभावावर असतं. आमच्याकडे दोन आहेत. लॅब्रॅडॉरच्या तोंडात काहीही गेलं की एकदा 'गुळुक' आवाज येतो आणि विषय संपतो. धाकटी गाजराची काडी दोन्ही पंजांत उभी धरते, मान तिरकी करून ती मागच्या दाढेखाली घेते, कडाकडा तोडते आणि शेवटी अर्धा चोथा सतरंजीवर थुंकून निघून जाते. दोघांना एकाच मापाचं गाजर देऊन चालणार नाही, हे उघड आहे.

गिळणाऱ्या कुत्र्यासाठी पुढचं सगळं दुप्पट काळजीने वाचा. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या तोंडाच्या जातींना श्वास घेणं आणि गिळणं या दोन्ही गोष्टी मुळातच अवघड जातात, त्यामुळे त्यांनाही गिळणाऱ्यांतच धरा. म्हातारा, दात पडलेला कुत्रा असेल तर कच्च्या गाजराचा विचारच सोडा. त्याच्यासाठी मऊ शिजवलेलं आहे.

घरात दोन कुत्री असतील तर आणखी एक बघा. एरवी शांतपणे खाणारा कुत्रा दुसरा जवळ आला की घाईघाईने गिळतो. गाजर देताना दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, निदान मध्ये एक दार असू द्या.

२. यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं

निरोगी, प्रौढ कुत्रा असेल तर ही पायरी एका मिनिटात संपते. पण खालीलपैकी काही असेल तर पशुवैद्याला एक फोन करा:

- मधुमेह. गाजरात १०० ग्रॅममागे साधारण ५ ग्रॅम साखर असते. थोड्या गाजराने आभाळ कोसळत नाही, पण इन्शुलिनवर असलेल्या कुत्र्याचं खाणं रोज त्याच वेळी आणि तेवढंच असावं लागतं. मधूनच एखाद्या दिवशी मूठभर गाजर, असं करू नका.
- मूत्रपिंडाचा आजार. गाजरात पोटॅशियम असतं (१०० ग्रॅममध्ये ३२० मिलिग्रॅमच्या आसपास). ते चालेल की नाही हे रक्ताचा रिपोर्ट बघूनच ठरतं.
- पूर्वी मूतखडा झालेला असेल, विशेषतः कॅल्शियम ऑक्झलेटचा. गाजरात ऑक्झलेट असतं.
- स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल. एरवी अशा कुत्र्यांसाठी बिनचरबीचं गाजर उत्तम खाऊ ठरतं, पण आजार अंगात असताना कुठलाही नवीन पदार्थ नको.
- ॲलर्जी शोधण्यासाठी ठरावीक आहार चालू असेल. इथे हमखास चूक होते. असा आहार कमीत कमी आठ आठवडे काटेकोर पाळावा लागतो. "गाजरच तर आहे" म्हणून दिलेला एक तुकडाही निकालात घोळ घालू शकतो. गाजराची ॲलर्जी कुत्र्यांत क्वचितच दिसते. बहुतेक वेळा गोमांस, दूध, चिकन किंवा गहू कारणीभूत असतो. तरीही चाचणी चालू असेपर्यंत डॉक्टरांनी सांगितलेल्या खाण्याशिवाय काही नाही.

फोन करताना हाताशी ठेवायच्या गोष्टी: कुत्र्याचं आत्ताचं वजन, वय, चालू औषधांची नावं, रोजचं अन्न कोणतं आणि किती, आणि असेल तर शेवटच्या रक्ततपासणीचा कागद. एवढं असलं की बोलणं झटकन उरकतं.

३. सामान जमवा

- ताजी, टणक गाजरं. मऊ पडलेली, बुरशी आलेली किंवा टोकाला काळी झालेली नकोत.
- धारदार सुरी. बोथट सुरीने गाजर निसटतं आणि तुकडे वाटेल तसे पडतात.
- साल काढायचं साधन आणि किसणी.
- स्वयंपाकघरातला वजनकाटा. नसेल तरी चालेल, पण पहिला आठवडा असला तर बरं.
- वाफवायचं भांडं किंवा कुकर.
- झाकणाचा डबा.
- जवळच्या आणि रात्री उघड्या असणाऱ्या अशा दोन्ही पशुवैद्यकीय दवाखान्यांचे नंबर, फोनमध्ये साठवलेले. ते नंतर कधीतरी शोधू, असं म्हणू नका.

४. धुवा, सोला, पाला काढा

गाजर जमिनीत वाढतं, म्हणून माती आणि तिच्यातले जंतू सालीला चिकटलेले असतात. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साल काढलीच पाहिजे असं नाही, पण काढली तर माती आणि फवारणीचा अंश दोन्ही कमी होतात. मी काढते. देठाकडचा हिरवा, कडक भाग कापून टाका. पाला विषारी नसतो, पण कडवट असतो आणि फवारणी त्यावरच जास्त बसते. द्यायचं काही कारण नाही.

डब्यातली तयार गाजरं घेत असाल तर लेबल वाचा. त्यात बहुधा मीठ असतं. पाकिटात मिळणारी छोटी, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढी गाजरं मात्र मी कुत्र्यासाठी आणतच नाही. का, ते पुढच्या पायरीत.

५. कापणं: सगळा खेळ इथे आहे

गोल चकत्या करू नका. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

आपण कोशिंबिरीला किंवा सूपला गाजर चिरतो तसं आडवं चिरलं की गोल, जाड, कडक चकती होते. ती ओली असली की घशात सहज सरकते आणि श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखी बसू शकते. गोल आकारामुळे बाजूला फटही राहत नाही, त्यामुळे हवा जायला जागाच उरत नाही. पाकिटातल्या त्या छोट्या गाजरांचंही तेच: गुळगुळीत, दंडगोल, आणि छोट्या-मध्यम कुत्र्याच्या घशात नेमकी मावतील अशी. उभा कापलेला, कडा असलेला, बारीक तुकडा अडकण्याची शक्यता त्यामानाने बरीच कमी.

तर असं कापा:

गाजर आधी मधोमध उभं चिरा. प्रत्येक अर्ध्याचे पुन्हा उभे दोन भाग करा. आता चार लांब फाका हातात येतील. जाड गाजर असेल तर प्रत्येक फाकेचे आणखी दोन. मग कुत्र्याप्रमाणे:

गिळणारा कुत्रा, कुठल्याही आकाराचा: फाका आडव्या चिरून वाटाण्याएवढे तुकडे करा, किंवा सरळ किसून जेवणात मिसळा. एवढा बारीक तुकडा अख्खा गिळला तरी काही बिघडत नाही. प्रशिक्षणात बक्षीस म्हणूनही हेच माप योग्य. कुत्र्याला बक्षीस मिळाल्याचा आनंद असतो, ते केवढं होतं याचं त्याला काही नसतं.

चावून खाणारा छोटा कुत्रा: काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोड्या जाड, बोटभर लांब काड्या.

चावून खाणारा मोठा कुत्रा: लांब फाका, पण त्याचं एक टोक तुमच्या हातात. दोन्ही गोष्टी साधतात: तो तोडून तोडून खातो, आणि शेवटचा उरलेला बुंधा तुम्ही काढून घेऊ शकता. धोका नेहमी त्या शेवटच्या तुकड्यात असतो. दोन बोटं उरलं की कुत्र्याला वाटतं आता गिळून टाकावं, आणि तो गिळतो. तेवढं झालं की काढून घ्या, बदल्यात दुसरा बारीक तुकडा द्या. नुसतं हिसकावलंत तर पुढच्या वेळी तो आणखी घाईने गिळायला शिकेल.

अख्खं गाजर हातात देऊन आपल्या कामाला जायचं, हे मोठ्या कुत्र्याच्या बाबतीतही नको. कुत्रा खात असेपर्यंत तिथेच थांबा.

६. कच्चं की शिजवलेलं?

दोन्ही चालतात, पण दोन्हींचं काम वेगळं आहे.

कच्चं गाजर म्हणजे चावायचा उद्योग. त्यातलं पोषण कुत्र्याला फारसं मिळत नाही, कारण वनस्पतीच्या पेशींची भिंत त्याच्या पचनसंस्थेला नीट फोडता येत नाही. जे तुकड्याच्या रूपात गेलं ते बरंचसं तुकड्याच्याच रूपात बाहेर येतं.

शिजवलं किंवा बारीक किसलं की ही भिंत फुटते आणि आतलं बीटा कॅरोटिन मोकळं होतं. कुत्रा त्याचं अ जीवनसत्त्वात रूपांतर करू शकतो. (मांजराला हे जमत नाही, म्हणून घरात मांजर असेल तर तिच्यासाठी हा लेख नाही.) बीटा कॅरोटिन चरबीत विरघळतं, त्यामुळे रोजच्या जेवणात मिसळून दिलेलं गाजर नुसत्या गाजरापेक्षा जास्त अंगी लागतं. वेगळं तेल-तूप घालायची गरज नाही, जेवणात चरबी असतेच. गाजरामुळे अ जीवनसत्त्व जास्त होईल ही भीतीही बाळगू नका, शरीर गरजेपुरतंच रूपांतर करतं. जास्तीचा धोका असतो तो यकृत आणि कॉड लिव्हर ऑइल सढळ हाताने दिल्यावर.

आता 'गाजराने नजर सुधारते' याबद्दल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी आपल्या वैमानिकांना रात्रीचं दिसतं ते गाजरांमुळे, असा प्रचार केला होता. खरं कारण विमानातलं रडार होतं, ते त्यांना लपवायचं होतं. अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर नजरेवर परिणाम होतो हे खरं, पण चांगलं संतुलित अन्न खाणाऱ्या कुत्र्याला ती कमतरता नसते. मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याला गाजर खाऊ घालून दिसायला लागत नाही. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

शिजवण्याची पद्धत सोपी: फाका वाफवा किंवा थोड्या पाण्यात शिजवा, सुरीचं टोक सहज आत गेलं पाहिजे. मीठ, मसाला, लोणी, काहीही नको. पूर्ण गार करून द्या. गरम गाजर आत बराच वेळ गरम राहतं आणि अधाशी कुत्रा वाट बघत नाही.

जुलाबावर गाजराचं सूप हा उपाय तुमच्या कानावर येईलच, म्हणून सांगून ठेवते. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९०८ साली लहान मुलांच्या जुलाबांसाठी ते वापरलं. ५०० ग्रॅम गाजर एक लिटर पाण्यात तास-दीड तास शिजवायचं, त्याचा एकजीव लगदा करायचा, पाणी घालून पुन्हा एक लिटर करायचं आणि ३ ग्रॅम मीठ घालायचं, अशी ती कृती. कुत्र्यांसाठीही लोक ते करतात. प्रौढ कुत्रा असेल, पोट थोडंसंच बिघडलेलं असेल, तो खेळतोय, पाणी पितोय, तर जेवणासोबत द्यायला हरकत नाही. पिल्लू असेल, शीमध्ये रक्त असेल, उलट्या असतील किंवा कुत्रा गळून गेला असेल तर सूप उकळत बसू नका. पिल्लाच्या अंगातलं पाणी किती झटपट कमी होतं ते बघून धसका बसतो.

७. पहिला आठवडा

पहिल्या दिवशी नखाएवढा एक शिजवलेला तुकडा. तेवढाच. त्यानंतर पूर्ण दोन दिवस काही नाही. शी, उलटी, अंग खाजवणं, पंजे चाटणं, पोटात गुरगुर, यातलं काही नवीन दिसतंय का ते बघा. सगळं ठीक असेल तर दोन-तीन तुकडे, आणि मग दिवसाआड थोडं थोडं वाढवा.

या आठवड्यात दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नका. नवं ड्राय फूड, नवी ट्रीट आणि गाजर एकाच वेळी सुरू केलं आणि पोट बिघडलं, तर दोष कोणाला द्यायचा तेच कळत नाही. जंतांचं औषध किंवा लस याच आठवड्यात असेल तर गाजर पुढच्या आठवड्यावर ढकला.

कुत्र्याने गाजर हुंगून मान फिरवली तर? सोडून द्या. गाजर खाल्लंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

८. किती द्यायचं: गणित आणि पोट

पशुवैद्यांचा सर्वमान्य नियम असा की दिवसभरातल्या सगळ्या वरखाण्याच्या कॅलरी एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. उरलेल्या ९० टक्के संतुलित जेवणातून. सगळं वरखाणं म्हणजे बिस्किटं, चीजचा तुकडा, शेजाऱ्यांनी लाडाने दिलेलं, सगळं धरून.

गणित तुम्हीच करू शकता, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर. कुत्र्याचं किलोतलं वजन तीन वेळा एकमेकांशी गुणा. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, मग त्याचं पुन्हा वर्गमूळ. त्याला ७० ने गुणा. ही विश्रांतीतली गरज. नसबंदी झालेल्या, साधारण हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.६ ने गुणतात.

१० किलोच्या कुत्र्याचं करून बघू. १० × १० × १० = १०००. वर्गमूळ ३१.६, पुन्हा वर्गमूळ ५.६२. त्याला ७० ने गुणलं की ३९४, आणि १.६ ने गुणलं की साधारण ६३०. म्हणजे दिवसाला ६३० कॅलरी, त्यातल्या वरखाण्याला ६३. कच्च्या गाजरात १०० ग्रॅममागे ४१ कॅलरी. हिशोबाने दीडशे ग्रॅम गाजर बसतं.

पण एवढं देऊ नका. कॅलरीचं गणित दीडशे म्हणतं, आतडं त्याच्या कितीतरी आधी हात टेकतं. गाजरात तंतुमय भाग १०० ग्रॅममागे २.८ ग्रॅम असतो आणि सवय नसलेल्या कुत्र्याला तो एकदम जास्त गेला की गॅस, पातळ शी किंवा उलट कडक शी. माझं रोजचं माप असं आहे: ५ किलोच्या कुत्र्याला १० ते १५ ग्रॅम, १० किलोच्याला ३० ग्रॅमपर्यंत, २५-३० किलोच्याला एक मध्यम गाजर, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास. रोजच द्यायला हवं असंही नाही.

वजन उतरवायचं म्हणून अर्धं जेवण काढून तिथे गाजर भरणारे लोक असतात. कुत्र्याचं पोट भरल्यासारखं दिसतं आणि कॅलरी कमी होतात, पण त्याबरोबर प्रथिनं आणि खनिजंही कमी होतात. गाजरात प्रथिनं १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा नसतात. बिस्किटांच्या जागी गाजर आणा, जेवणाच्या जागी नको. जेवण किती कमी करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. घरच्या घरी अंदाज हवा असेल तर छातीवरून हात फिरवा: फासळ्या दाबाव्या न लागता बोटांना लागायला हव्यात, आणि वरून बघताना कंबर आत गेलेली दिसायला हवी.

गाजराचा रस अजिबात नको. तंतू जातात आणि साखर राहते.

९. दुसऱ्या दिवशी शी बघा

नाक मुरडू नका, कुत्रा पाळला की हे आलंच. कच्चं गाजर खाल्लं की दुसऱ्या दिवशी केशरी तुकडे जसेच्या तसे दिसतात, कधी तर सुरीची धारही ओळखता येते. हे सामान्य आहे. शीचा रंग थोडा केशरट झाला तरी सामान्य. तुकडे फार आणि मोठे असतील तर एवढाच अर्थ: तो चावत नाहीये. पुढच्या वेळी बारीक कापा किंवा शिजवा.

नवखे लोक केशरी आणि लाल यात गोंधळतात. पांढऱ्या कागदावर थोडंसं दाबून बघा. गाजराचा तुकडा वेगळा, टणक निघतो. रक्त कागदावर पसरतं. आणि शी डांबरासारखी काळी, चिकट असेल तर तो आतड्यात वर कुठेतरी झालेला रक्तस्राव असू शकतो. तेव्हा वाट बघायची नाही.

१०. गाजरासोबत काय आलं?

गाजर निरुपद्रवी, पण संगत वाईट असू शकते. माणसांसाठी केलेल्या पदार्थातलं गाजर वेचून कुत्र्याला देणं हा सगळ्यात सहज होणारा घात.

सूप, रस्सा, पुलाव यात कांदा-लसूण असतो. कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. शिजवल्याने हा गुण जात नाही, आणि पावडरमध्ये तो आणखी एकवटलेला असतो. गाजर वेचून धुतलं तरी रस आत मुरलेला असतोच. लक्षणं दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे 'काल खाल्लं, काही झालं नाही' यावर विसंबू नका.

गाजराचा केक आणि गोड पदार्थांत मनुके, बेदाणे असतात. द्राक्षवर्गातलं काहीही कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतं आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. जायफळ नको. चॉकलेट नको. आणि 'साखरविरहित' असं लिहिलेलं असेल तर दोनदा सावध व्हा, कारण त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) असू शकतं. तासाभराच्या आत रक्तातली साखर कोसळते, पुढे यकृतही बाद होऊ शकतं. गाजराला पीनट बटर लावून द्यायची टूम आहे, आणि काही पीनट बटरमध्ये हेच झायलिटॉल असतं. लेबल वाचल्याशिवाय डबा उघडू नका.

११. गोठवलेलं गाजर, पिल्लाचे दात आणि एक गैरसमज

दात येणाऱ्या पिल्लाला गोठवलेलं गाजर द्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. पिल्लाचे २८ दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. हिरड्या सळसळत असतात, गार काहीतरी चावलं की बरं वाटतं. तेवढं खरं.

पण कडकपणासाठी एक साधी परीक्षा आहे: वस्तूवर अंगठ्याचं नख रोवून बघा. खूण उमटली नाही तर ती कुत्र्याच्या दातांसाठी फार कडक. फ्रीझरमधून नुकतंच काढलेलं जाड गाजर या परीक्षेत नापास होतं. चावताना सगळा जोर येतो तो वरच्या मोठ्या दाढेवर, आणि तिचा कपचा उडाला की दुखणं आणि भूल देऊन उपचार. म्हणून मी फ्रीझर टाळते आणि साध्या फ्रीजमधली गार, लांब काडी देते, एक टोक हातात धरून. नाहीतर ओला, पिळलेला, गोठवलेला जाड फडक्याचा पीळ, तोही नजरेसमोरच. गाजर गोठवायचंच असेल तर शिजवून लगदा करा आणि चाटायच्या पसरट मॅटवर पातळ थर देऊन गोठवा. चाटता चाटता पंधरा मिनिटं शांतता मिळते.

आणि दात साफ होतात का? दातांच्या टोकांवर थोडं घासलं जातं, इतकंच. कीटण साठतं ते हिरडीच्या कडेला, आणि मऊ थर काही दिवसांत दगडासारखा घट्ट होतो. तिथे गाजर पोहोचत नाही. कुत्र्यांसाठीची टूथपेस्ट आणि ब्रश, याला पर्याय नाही. माणसांची टूथपेस्ट वापरू नका, तिच्यातही झायलिटॉल असू शकतं.

१२. घशात अडकलंच तर

हे आत्ता वाचून ठेवा, तेव्हा वाचायला वेळ नसतो.

कुत्रा खोकतोय, आवाज निघतोय, म्हणजे हवा जातेय. त्याला खोकू द्या, पाठीवर थापा मारत सुटू नका, आणि दवाखान्याकडे निघा.

आवाज बंद, पंज्याने तोंड ओरबाडतोय, लाळ गळतेय, हिरड्या निळसर, म्हणजे वाट बंद झाली. तोंड उघडून बघा. तुकडा दिसत असेल तरच दोन बोटांनी काढा. दिसत नसताना आत बोट फिरवलंत तर तो आणखी खाली जातो. निघाला नाही तर छोट्या कुत्र्याचं डोकं खाली राहील असं धरा आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने चार-पाच ठोसे द्या. मोठा कुत्रा असेल तर मागून कवेत घ्या, शेवटच्या फासळीच्या खाली मूठ ठेवा आणि आत व पुढे असे चार-पाच झटके द्या. प्रत्येक वेळी तोंडात बघा. दुसरं माणूस घरात असेल तर त्याने तोवर गाडी काढावी. तुकडा निघाला तरी डॉक्टरांकडे जाच. घशाला सूज येऊ शकते, झटक्यांनी आत मार बसलेला असू शकतो.

तुकडा गिळला गेला आणि पुढे आतड्यात अडकला, असंही होतं, विशेषतः छोट्या कुत्र्यात. पुन्हा पुन्हा उलट्या, जेवण नको, शी बंद, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून ताणणं, ही त्याची लक्षणं. काही तासांत दिसतील किंवा दोन दिवसांनी. घरी उलटी करवायचा प्रयत्न करू नका. मिठाचं पाणी पाजायचा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा, त्या मिठानेच कुत्रा दगावू शकतो.

डॉक्टरांना सांगायचं: तुकडा केवढा होता, कच्चा की शिजलेला, किती वाजता, शेवटची शी कधी, उलटी किती वेळा. उरलेल्या गाजराचा फोटो काढून ठेवलात तर आकार समजावत बसावं लागत नाही.

१३. साठवण, आणि घरातल्या बाकीच्यांसाठी

चिरलेलं कच्चं गाजर झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतं. तळाला ओला कागद ठेवला तर सुकत नाही. शिजवलेलं तीन दिवसांत संपवा. लगदा बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला की एकेक घन काढून, विरघळवून जेवणात टाकता येतो. चिकट झालेलं, आंबूस वास येणारं टाकून द्या.

दिवसाचा वाटा सकाळीच एका छोट्या डब्यात काढून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा की आजचं गाजर एवढंच. नाहीतर आजी एक देते, मुलं दोन देतात, आणि कुत्रा प्रत्येकासमोर असा बसतो की जणू सकाळपासून त्याला कोणी काही दिलेलंच नाही. डब्यावर चिठ्ठी चिकटवा: 'फक्त यातलं. अख्खं गाजर नाही. खात असताना जवळ थांबा.' सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हातून गाजर देऊच नका. ती कुत्र्याला चिडवायला तुकडा मागे ओढतात, तो झडप घालतो, आणि मग बोट आणि गाजर यातला फरक त्याला कळत नाही.